पगारातले दीडशे रुपये

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार १९,५०० रुपये, त्यातून ईएसआयचे दीडशेएक रुपये कापतात. वडील ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य मागावर गेलं. दहा वर्षांपासून साखर आहे. आई ५७ वर्षांची, घरी विड्या वळते. एजंट म्हणतो, दोघांची ५ लाखांची पॉलिसी घ्या, वर्षाला ३४ हजार पडतील, साखरेचं फॉर्मवर लिहू नका. मामा म्हणतात, आपण सरकारला कर देतो, सिव्हिल आहे, विमा कशाला? कुणाचं ऐकू?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : एजंटचं अजिबात ऐकू नका, मामांचं अर्धं ऐका. त्याआधी स्वतःची पगाराची चिठ्ठी काढून बघा.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात, आणि माझं लक्ष तिथंच अडकलं. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का कापतात आणि मालक वरून सव्वातीन टक्के घालतो. तुमच्या पगारावर तुमचे साधारण १४७ रुपये आणि मालकाचे ६३४ रुपये दर महिन्याला तुमच्या घरच्या औषधपाण्यासाठी भरले जातात. ईएसआयच्या कार्डावर बायको-मुलांसारखे अवलंबून असलेले आई-वडीलही चढतात. त्यांची स्वतःची कमाई ठरलेल्या मर्यादेत हवी, एवढीच अट. वडिलांची साखर जुनी म्हणून तिथं कुणी नाही म्हणत नाही, वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. रोजच्या गोळ्याही तिथंच मिळतात, ज्या बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. मोठ्या उपचारांसाठी काही महिन्यांची वर्गणी भरलेली लागते. तुमची किती भरली आहे ते कारखान्याच्या ऑफिसात विचारा. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या दवाखान्याचा हक्कही आहे, तो सोडू नका.

मी २९ वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. मागावरच्या एका जॉबरला छातीत कळ आली, म्हणून मुलाने त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. आईच्या पाटल्या मोडल्या, सावकाराकडून पैसे उचलले. पैसे संपल्यावर पाचव्या दिवशी ते आमच्याकडे आले. कागद चाळताना मला मुलाच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय नंबर दिसला. चार वर्षं पैसे कापले जात होते आणि बापाचं नाव कार्डावर चढवलंच नव्हतं. ती माउली पदर तोंडाला लावून बसली होती. तुमचं पत्र वाचताना तीच डोळ्यांसमोर आली.

दुसरं, महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती जुन्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची आहे. पण यादीतल्याच उपचारांना, यादीतल्याच रुग्णालयांत. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. बिल भरून झाल्यावर गेलात तर तो काही करू शकत नाही.

आता पॉलिसी. साखर लपवायला सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. क्लेमच्या वेळी जुने कागद निघतात, क्लेम नाकारला जातो आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. खरं लिहिलंत तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, हा नियम २०२४ पासून आहे. खोलीभाड्याची मर्यादाही वाचा. आमच्या शेजारच्यांची मर्यादा दिवसाला ३ हजारांची होती आणि त्यांनी ६ हजारांची खोली घेतली. कंपनीने डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला. ३४ हजारांत जीएसटी धरला आहे का, तेही विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नाही.

मामांचं अर्धं खरं आहे म्हणाले, ते यासाठी की कर आपण सगळेच देतो. विड्या वळणारी तुमची आईसुद्धा दुकानातल्या साबण-पेस्टवर देतेच. त्या पैशावर सिव्हिल चालतं, १९६३ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज चालतं. मध्यरात्री शेतातून साप चावलेलं पोर आणतात, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई आणतात, तेव्हा आधी कार्ड विचारत बसत नाहीत. विम्याची रक्कम संपली की खासगीतून बाराव्या दिवशी ॲम्ब्युलन्स सिव्हिलच्याच दारात येते, हे मी कितीदा पाहिलंय. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडता कामा नयेत. पॉलिसीचा हप्ता तुमच्या घरापुरता असतो. त्यातून वॉर्डात एक नर्स वाढत नाही. हल्ली कराच्या पैशातूनही योजनांमार्फत खासगी दवाखान्यांची बिलं भरली जातात. त्याने माणसं वाचतात, ते मी नाकारत नाही, पण तो पैसा आधी वॉर्डात यायला हवा असं माझं ठाम मत आहे. एका खाटेवर दोन रुग्ण झोपलेले मी बघितलेत. पत असलेली माणसं विमा काढून निघून गेली आणि त्या खाटेबद्दल विचारणारं कुणी उरलं नाही.

तरी मामांसारखं 'विमा कशाला' असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर ईएसआयची वर्गणी बंद होते, आणि काही महिन्यांत त्यावरचे उपचारही. तेव्हा नवी पॉलिसी काढलीत तर साखरेसाठीची ३ वर्षं तिथून मोजायला लागतील. म्हणून पगारवाढ वर्षा-दोन वर्षांत दिसत असेल तर आत्ताच, ५ ऐवजी ३ लाखांची का होईना, पॉलिसी काढून ठेवा. पगारवाढ लांब असेल तर घाई नको. त्या ३४ हजारांतले निम्मे पोस्टात टाका.

फॉर्म स्वतःच्या हाताने भरा. साखर कुठल्या सालापासून आहे ते लिहा आणि वडिलांच्या गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत जोडा. पण त्याच्याही आधी, येत्या सोमवारी, दोघांची आधार कार्डं आणि फोटो घेऊन कारखान्याच्या ऑफिसात जा आणि त्यांची नावं ईएसआयला चढवून घ्या.