अंटार्क्टिकाच्या जहाजावर पहिल्यांदा थर्ड ऑफिसर म्हणून जातोयस तर

अरे आधी पोलर वॉटर्सचा, म्हणजे ध्रुवीय समुद्राचा, बेसिक कोर्स करून घे, पोलर कोड म्हणजे तिथल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम २०१७ पासून लागू आहेत. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, व्हायचंय तर पुढे अॅडव्हान्स कोर्स लागेल आणि त्यासाठी पोलर पाण्यातला सी टाइम, म्हणजे जहाजावर काढलेला काळ, मोजतात, तो आत्तापासून नीट नोंदवून ठेव.

वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, तोच, चार तास ड्यूटी आठ तास ऑफ, पण डोळे वेगळे लागतात. मोठा आइसबर्ग रडारवर दिसतो रे, घात करतो तो ग्राउलर, पाण्याच्या पातळीलगत तरंगणारा बर्फाचा छोटा तुकडा, रडारवर लाटांच्या क्लटरमध्ये, म्हणजे लाटांमुळे उमटणाऱ्या ठिपक्यांत, हरवतो, म्हणून लुकआउट सोडायचा नाही आणि बर्गच्या वाऱ्याकडच्या बाजूने जायचं, कारण तुटलेले तुकडे वाऱ्याबरोबर पलीकडे वाहत जातात. बर्फात शिरताना स्पीड कमी, आणि जहाज मागे घेताना रडर (सुकाणू) मिडशिप, सरळ मध्यावर, म्हणजे मिडशिपच, नाहीतर रडर आणि प्रोपेलर दोन्ही जातील. कॅप्टनला उठवायला संकोच करू नकोस, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

चार्टवर आंधळा विश्वास नको, तिथे कितीतरी भागाचा नीट सर्व्हे झालेलाच नाही.

आपल्या मोहिमा १९८१ पासून चालू आहेत, पहिली गोव्यातूनच निघाली होती. भारती, मैत्री या आपल्या तिथल्या संशोधन केंद्रांचं सामान उतरवायला हवामान कधी उघडेल सांगता येत नाही, उघडलं की दिवसरात्र काम, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही त्यामुळे केबिनचा पडदा घट्ट लावून ठरलेल्या वेळी झोपच, घरच्यांनाही आधीच सांगून ठेव की फोन रोज लागणार नाही.