वनस्पतींमधील नैसर्गिक लाल रंगद्रव्ये कोणती आणि आहारात व आरोग्यासाठी त्यांचा काय उपयोग होतो?

वनस्पतींचा लाल रंग एकाच द्रव्यामुळे येत नाही. टोमॅटो व कलिंगडात तो लायकोपीनचा असतो, बिटात बीटालेन गटातील बीटानिनचा, तर चेरी, स्ट्रॉबेरी आणि लाल कोबीत अँथोसायनिनचा. विशेष म्हणजे बीटालेन आणि अँथोसायनिन ही दोन्ही एकाच वनस्पतीत नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत.

खाद्यपदार्थ रंगवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अँथोसायनिन आम्लात लाल दिसते, पण आम्लता कमी होताच जांभळे-निळे होऊ लागते, त्यामुळे लाल रंगासाठी ते आंबट सरबते व जॅम यांनाच शोभते. खाद्यपदार्थांतील पूरक द्रव्यांच्या युरोपीय यादीत ‘ई १६२’ या क्रमांकाने ओळखला जाणारा बिटाचा रंग आम्लतेतील बदल बऱ्यापैकी सहन करतो, मात्र उष्णतेने फिका पडत असल्याने आइस्क्रीम किंवा दह्यासारख्या थंड पदार्थांत अधिक टिकतो.

आरोग्याच्या दृष्टीने पाहता, लायकोपीन मेदात विरघळते, म्हणून कच्च्या टोमॅटोपेक्षा थोड्या तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून ते अधिक शोषले जाते. ही द्रव्ये प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरण (पेशींना हानी पोचवू शकणारी रासायनिक क्रिया) रोखताना दिसतात, परंतु तेवढ्यावरून त्यांच्या गोळ्या रोग टाळतात असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा फळे आणि भाज्याच खाव्यात. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी होते, ती याच बीटानिनमुळे, आणि त्याने अपाय होत नाही.