दहावीनंतर पगारी वेल्डिंग प्रशिक्षण

प्रश्न : मुलगा दहावी झाला. एक कारखानदार वेल्डिंग शिकवून पैसेही देतो म्हणतो. काय तपासावं?

उत्तर : शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिप, म्हणजे पगार घेत कामावर शिकण्याचा) करार सरकारी पोर्टलवर नोंदला का, ते मुलाच्याच लॉगिनमधून पाहा. हे सर्वांत महत्त्वाचं. नुसत्या कागदावर सही घेतली असेल, तर पोरगा राबेल. पण शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्रही हाती पडणार नाही. धोकादायक उद्योगात वय 18 पूर्ण हवं. 2019 च्या नियमांनी दहावी उत्तीर्णाला पहिल्या वर्षी दरमहा किमान 6,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. त्याखाली मान्य करू नका. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा काही भाग देतं. हा वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अडकतो. बँकेत आधीच खात्री करून घ्या.