आधी वाक्य, मग तान

अगं, आवाज गोड आहे तुझा. पण संगीत नाटकात जायचंय म्हणून लगेच पुणे-मुंबई गाठायची घाई नको. आधी आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात लागतील ती नाटकं मागच्या रांगेत बसून बघ. शब्द तिथवर कसा पोचतो, ते ऐक.

नवी मुलं हमखास एक चूक करतात, मीही केली: पद, म्हणजे नाटकातलं गाणं, मैफिलीसारखं म्हणणं. डोळे मिटलेले, हात मांडीवर ताल धरणारा. समोर उभा नट बिचारा ताटकळतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणलं तेव्हापासून पद म्हणजे संवादाचंच पुढचं वाक्य.

सध्या एवढंच कर:

- पद आधी गद्यासारखं म्हण, उभं राहून, समोरच्याकडे बघत. श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खुणाव. मगच चाल.
- पट्टी, म्हणजे कोणत्या सुरापासून गायचं ते, स्वतःची ठेव. रेकॉर्डमधल्या पट्टीसाठी गळा ताणू नकोस.
- ऑर्गन-तबल्याबरोबर आठवड्यातून एकदा तरी गा, नुसत्या मोबाइलवरच्या ट्रॅकवर नको.

ताना, लयकारी नंतर बघू. छोटी भूमिका मिळाली, अगदी नांदीच्या, म्हणजे नाटकाआधीच्या प्रार्थनागीताच्या, कोरसमध्ये उभं राहायला मिळालं, तरी घे. तालमीला मात्र वेळेवर जा गं.