सामान्य गुंतवणूकदारांना लिव्हरेज्ड आणि इन्व्हर्स फंड घेऊ द्यावेत का?

तुमचा भाऊ नागपुरात मिहानमध्ये नोकरी करतो, ॲपवरून अमेरिकेतला तिप्पट नॅसडॅक फंड (नॅसडॅक म्हणजे तिथला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक) दर महिन्याला एसआयपीसारखा घेतो, आणि सरकारने यावर बंदी घालावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बंदी नको आणि श्रीमंतीची अटही नको. आधी परीक्षा घ्या, पास होईपर्यंत खरेदीचं बटण बंद ठेवा.

लिव्हरेज्ड फंड निर्देशांकाच्या चढ-उताराच्या दुप्पट-तिप्पट चालतो, इन्व्हर्स फंड निर्देशांकाच्या उलट. पण हे फंड 'तिप्पट' देतात ते फक्त एका दिवसापुरतं. रोज बाजार बंद होताना फंडाला स्वतःच्या पैशाच्या तुलनेत बाजारात लावलेल्या रकमेचं प्रमाण पुन्हा तीनपट करावं लागतं. म्हणजे बाजार चढला की आणखी घ्यायचं आणि पडला की विकायचं. निर्देशांक १०० वरून ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी परत १०० वर आला, असं धरा. साधा फंड जागच्या जागी. तिप्पट फंड मात्र १३० वर जाऊन ९४.५५ वर येतो. अशा दहा जोड्या झाल्या, तर निर्देशांक तिथेच आणि फंड ५७ च्या आसपास. खर्च अजून धरलेलाच नाही. आणि गंमत म्हणजे उलट चालणारा साधा एकपट (इन्व्हर्स) फंड दुप्पट फंडाइतकाच झिजतो, दोघेही पहिल्या जोडीनंतर ९८.१८ वर. म्हणून 'मी तर फक्त पडण्यावर पैसे लावले, कर्ज कुठे आहे' हा समज धोक्याचा.

बाजार सलग एकाच दिशेने चालला तर हेच गणित फायद्याचं ठरतं. रोज ५ टक्के असे पाच दिवस वाढला तर निर्देशांक २७.६ टक्के वर, दुप्पट फंड ६१ टक्के वर. म्हणूनच हे फंड सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही.

अमेरिकेत फिन्राने (ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) २००९ मध्येच ब्रोकरांना बजावलं होतं की एका दिवसापेक्षा जास्त ठेवणाऱ्या सामान्य ग्राहकाला हे फंड सहसा योग्य नाहीत. ग्राहकाची तपासणी करूनच खातं उघडावं, असा प्रस्ताव तिथल्या एसईसीने (शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने) २०१९ मध्ये मांडला, पण २०२० च्या अंतिम नियमात तो गाळला. बंधन आलं ते फंडाच्या जोखमीवर, आणि आधीपासूनचे तिप्पट फंड चालू राहिले. दक्षिण कोरियात मात्र आधी ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागतं, शिवाय खात्यात १ कोटी वॉन लागतात. त्यातला पहिला भाग आपण उचलावा.

आपल्याकडे म्युच्युअल फंडाची एकूण गुंतवणूक निव्वळ मालमत्तेच्या १०० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, म्हणून देशी दुप्पट फंड नाहीत. एप्रिल २०२५ पासून सेबीने एसआयएफ (स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे म्युच्युअल फंडापेक्षा जास्त जोखीम घेऊ शकणारे फंड) आणले. त्यात हेजशिवायचं शॉर्ट (म्हणजे तोट्यापासून बचावाची जोड न ठेवता भाव पडण्यावर पैसे लावणं) २५ टक्क्यांपर्यंत चालतं, आणि आत जायला किमान १० लाख लागतात. ही अट मला खटकते. ग्रॅच्युइटीचे १० लाख नुकतेच हातात आलेले धरमपेठेतले काका त्यात बसतात. चक्रवाढीचं गणित पक्कं असलेला, पण दोनच लाख जमवलेला मुलगा बसत नाही.

बंदी का नको? कारण वायदे-ऑप्शनचं (थोड्या पैशात शेअरच्या पुढच्या भावावर मोठे सौदे करण्याचं) दार उघडंच आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे-ऑप्शनमध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, हे सेबीचाच अभ्यास सांगतो. फंडात निदान घातलेल्या पैशापलीकडे तोटा जात नाही. वायद्यात किंवा ऑप्शन विकण्यात जातो.

परीक्षेत व्याख्या विचारू नयेत, आकडेमोड द्यावी. वर-खाली दोन दिवसांनंतर फंड कुठे? एकाच शेअरवरच्या दुप्पट फंडाचं, शेअर दिवसात ५० टक्के पडल्यावर काय उरतं? उत्तर शून्य. अशी पडझड कागदावरची नाही: व्हिक्स या बाजारातल्या अपेक्षित चढ-उताराच्या निर्देशांकाच्या वायद्यांच्या उलट चालणारी अमेरिकेतली एक्सआयव्ही नोट ५ फेब्रुवारी २०१८ ला ९० टक्क्यांहून जास्त घसरली आणि पुढे बंदच झाली.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर भावाला माहितीपत्रकात 'डेली' हा शब्द दाखवा, आणि एखाद्या खाली-वर झालेल्या वर्षातला निर्देशांकाचा व फंडाचा परतावा शेजारी-शेजारी लिहायला लावा. एसआयपी करायचीच असेल तर साध्या, एकपट नॅसडॅक फंडात करू द्या.