वाचकांचे प्रश्न : रीफ टाकीतले सफाई पथक

प्रश्न : माझी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन दहा आठवडे झाले. तीत दोन क्लाउनफिश आणि तीन मऊ प्रवाळ आहेत. गेल्या पंधरवड्यापासून काच, वाळू आणि दगड यांवर तपकिरी थर चढतो आहे. दुकानदाराने पंचवीस गोगलगाई, वीस हर्मिट खेकडे, वाळू उपसणारा एक तारामासा आणि एक समुद्री काकडी असा तयार संच सुचवला आहे. तो घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा संच घेऊ नये. शेवाळ आणि उरलेले अन्न खाणाऱ्या अशा संचाला दिलेल्या ‘सफाई पथक’ या नावामुळे ही जनावरे म्हणजे जणू ब्रश किंवा फिल्टर आहेत, अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येकाचे खाणे ठरलेले असते, आणि ते आपल्या टाकीत आहे का व किती दिवस पुरेल, हे पाहिल्यावरच कोण आणायचे आणि किती आणायचे हे ठरवता येते. दहा आठवड्यांच्या टाकीत सत्तेचाळीस तोंडांना पुरेल एवढे अन्न नसते. पहिल्या महिन्यात काच लख्ख होईल, दुसऱ्या महिन्यात जनावरे उपाशी मरू लागतील, आणि त्यांच्या कुजण्याने पाण्यात जे अमोनिया व फॉस्फेट मिसळेल त्यावर पुढचे शेवाळ पोसले जाईल.

आधी तो थर कशाचा आहे, ते पाहा. काचेवर बोट फिरवताच तो पिठासारखा उडून पाण्यात धुरळा होत असेल, तर ते डायटम (एक सूक्ष्म तपकिरी शेवाळ) आहेत. नव्या टाकीत वाळू, दगड आणि नळाचे पाणी यांतून आलेल्या सिलिकेटवर ते वाढतात आणि सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरतात. त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. मात्र आपण पाणी बदलताना आरओ-डीआय (विरघळलेले क्षार काढून टाकलेले) पाणी वापरत नसाल, तर आधी ते सुरू करावे. याउलट थर चिकट, शेंबडासारखा लोंबणारा, बुडबुडे धरणारा असेल आणि रात्रीत विरळ होऊन दिवसभरात पुन्हा दाटत असेल, तर ते डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशी जीव) असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाऊन गोगलगाई मरतात. शंका असल्यास तो थर थोड्या पाण्यासह बाटलीत घ्यावा, जोरात हलवावा, टिश्यू पेपरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे किंवा गोळे जमले, तर सध्या एकही गोगलगाय आणू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले असतील, तर ते थोडे वर येऊ द्यावेत, कारण अशाच भुकेल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट फोफावतात.

थर डायटमचा आहे असे धरून सांगतो. मी आपल्या जागी असतो तर चार ट्रोकस, पाच-सहा सेरिथ आणि तीन नॅसॅरियस एवढ्या गोगलगाईंवर थांबलो असतो, आणि पुढचे दोन महिने फक्त निरीक्षण केले असते. ट्रोकस काच आणि दगड साफ करते. तिचा मोठा गुण असा की उलटी पडली तर ती स्वतः सुलटी होऊ शकते. तपकिरी काचेवरून ती गेल्यावर भिंग घेऊन पाहा: तिच्या दातेरी जिभेने ओढलेल्या नागमोडी रेघांची एक पट्टी मागे राहिलेली दिसेल, आणि त्या पट्टीवरून तिने रात्रभरात किती चरले आहे, ते मोजताही येते. सेरिथ लहान असल्यामुळे ट्रोकस पोहोचत नाही अशा फटींत शिरते आणि रात्री वाळूवरही फिरते. नॅसॅरियस मात्र शेवाळाला तोंड लावत नाही. ती वाळूत पुरून बसते आणि उरलेले मासळीचे अन्न खाते. गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाद्याचा) तुकडा पाण्यात पडला की मिनिटभरात वाळू हलते, आधी सोंडेसारखी नळी वर येते आणि मागोमाग आख्खी गोगलगाय. तिच्याकडून काच साफ होण्याची अपेक्षा ठेवून लोक डझनाने आणतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

वाळू उपसणाऱ्या तारामाशाबद्दल मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. तो शेवाळ खात नाही, वाळूतले बारीक कृमी आणि कवचधारी जीव खातो. म्हणजे वाळू जिवंत ठेवणारी जी मंडळी आपल्याला हवी असतात, नेमकी तीच. एवढ्या टाकीतली वाळू तो लवकरच ओस पाडतो आणि मग सावकाश उपासमारीने मरतो. त्याच्या भुजांची टोके झडू लागेपर्यंत बाहेरून काही कळत नाही, आणि कळते तेव्हा तो सहसा वाचत नाही. समुद्री काकडीचा प्रश्न तर कायद्यानेच सोडवला आहे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) 2001 साली समुद्री काकड्यांच्या सर्व जाती समाविष्ट झाल्या. असा प्राणी संचात घालून विकणाऱ्या दुकानातून बाकीचे प्राणी तरी घ्यावेत का, याचाही विचार व्हावा.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी आठ अ‍ॅस्ट्रिया गोगलगाई आणल्या. पाच मेल्या, आणि त्यांपैकी दोघींच्या शंखांत आता माझे निळ्या पायांचे हर्मिट खेकडे राहतात. त्यांनीच मारल्या असतील का? ही टाकी पूर्वी फक्त माशांची होती आणि तेव्हा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध दिले होते. गोगलगाई पिशवीसकट अर्धा तास तरंगवून मग सोडल्या. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हर्मिट खेकडा शंखासाठी जिवंत गोगलगाय मारतो, हे खरे आहे, वाढत्या अंगाला मोठे घर हवे असते आणि रिकामे मिळाले नाही तर तो भरलेले रिकामे करतो. पण तुमच्या बाबतीत पाचपैकी दोनच शंख त्यांनी घेतले आहेत, आणि मेलेल्या गोगलगाईचा शंखही खेकडा तितक्याच तत्परतेने उचलतो. त्यामुळे मृत्यूचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

तांब्याचा संशय साहजिक आहे, कारण ते दगडांत मुरते, पुढे बराच काळ पाण्यात उतरत राहते, आणि अपृष्ठवंशी जिवांना त्याची अगदी थोडी मात्राही मारक ठरते. मात्र मग खेकडेही तगले नसते. ते धडधाकट आहेत आणि घरे बदलत आहेत, यावरून तांबे हे मुख्य कारण नसावे, असे मला वाटते.

माझा रोख पिशवीच्या पाण्यावर आहे. अर्धा तास तरंगवल्याने तापमान जुळते, क्षारता जुळत नाही. मासे विकणारी अनेक दुकाने मिठाची बचत व्हावी आणि परजीवी दबून राहावेत म्हणून पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) 1.020 च्या आसपास ठेवतात, तर प्रवाळांच्या टाकीत ते 1.025 ते 1.026 असते. मासा शरीरातील क्षारांचा तोल स्वतः राखू शकतो. गोगलगाईला ती सोय नाही. बाहेरचे पाणी जसे, तसे तिच्या अंगातले पाणी होते, आणि हा बदल अचानक झाला तर ती त्या दिवशी न मरता चार-आठ दिवसांत एकेक करून मरते. तुमच्याकडे नेमके तसेच घडलेले दिसते. पुढच्या वेळी रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजण्याच्या उपकरणाने) पिशवीतले पाणी मोजा आणि टाकीतून बारीक नळी लावून थेंब-थेंब पाणी सोडत निदान दीड-दोन तास घ्या.

दुसरे म्हणजे, अ‍ॅस्ट्रिया वाळूत उताणी पडली तर तिला सहसा सुलटे होता येत नाही. ती तशीच पडून राहते आणि खेकड्यांच्या तावडीत सापडते. उरलेल्या तिघींसाठी रोज सकाळी एक नजर टाकून पडलेली दिसेल ती हाताने सुलटी करावी. हलत नसलेली गोगलगाय बाहेर काढून हुंगावी. जिवंत असेल तर शंखाच्या तोंडाचे झाकण आवळून धरते, मेलेली असेल तर तो वास विसरता येत नाही. आता दुसऱ्या अ‍ॅस्ट्रिया आणण्यापेक्षा ट्रोकस आणाव्यात, आणि प्रत्येक खेकड्यामागे थोड्या मोठ्या मापाचे दोन-तीन रिकामे शंख टाकीत ठेवावेत.

प्रश्न : अ‍ॅप्टेशियासाठी (टाकीत माजणारे हे उपद्रवी समुद्रफूल खाऊन टाकावे म्हणून) पेपरमिंट कोळंबी आणली, पण तिने ती सोडून झोअँथिड हे प्रवाळासारखे जीवच खाल्ले. असे का? (एक वाचक, दुबई)

उत्तर : तुम्हाला बहुधा उंट कोळंबी मिळाली आहे. दोन्ही लालसर असल्याने दुकानात गल्लत होते. पेपरमिंटचे अंग अर्धपारदर्शक असते आणि त्यावर लाल बारीक रेषा असतात. उंट कोळंबीच्या पाठीला ठळक कुबड असते, लाल रंगात पांढऱ्या रेषा आणि ठिपके मिसळलेले असतात, आणि ती मऊ प्रवाळ व झोअँथिड आवडीने खाते. ती प्रवाळांच्या टाकीत ठेवू नये. खरी पेपरमिंटही पोट भरलेले असेल तर अ‍ॅप्टेशियाकडे वळत नाही आणि मोठ्या अ‍ॅप्टेशियापेक्षा छोटीच खाते, म्हणून तिला सोडल्यावर काही दिवस माशांचे खाणे हात आखडून द्यावे.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर शेकडो शंख आणि हर्मिट खेकडे दिसतात. तेच आणून टाकीत सोडले तर काय हरकत आहे? सुट्टीत मालवणलाही जाणे होते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हरकत एकापेक्षा जास्त आहे. खडकांवर दिसणारी प्रत्येक गोगलगाय चरणारी नसते. आपल्या किनाऱ्यावरच्या थाइससारख्या गोगलगाई मांसाहारी आहेत. त्या कालवांच्या आणि बार्नकलच्या कवचाला भोक पाडून आतला जीव खातात, आणि टाकीत तुमच्या इतर गोगलगाईंनाही सोडणार नाहीत. शंकूच्या आकाराचा कोनस तर हातात घेणेही धोक्याचे आहे, कारण तो विषारी दात मारतो. ज्या खरोखर शेवाळ खातात त्या नेरिटा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आहेत; पाण्याबाहेर येणे हा त्यांचा स्वभावच असल्याने रात्री टाकीच्या काठावरून उतरतात आणि सकाळी फरशीवर सुकलेल्या सापडतात. शिवाय किनाऱ्यावरून आणलेल्या जिवाबरोबर परजीवीही घरात येतात.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले असून तेथून जिवंत काहीही उचलू नये. प्रवाळाच्या तुकड्याला तर हातही लावू नये. कठीण प्रवाळालाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

अभयारण्याबाहेरच्या वाळूत पडलेले साधे रिकामे शंख मात्र हर्मिट खेकड्यांना फार उपयोगी पडतात. गोल तोंडाचे, न फुटलेले चार-सहा शंख निवडा, आत कोणी राहत नाही ना हे बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात तासभर ठेवून तपासा, आणि मग ते उकळून, स्वच्छ धुऊन, वाळवून टाकीच्या एका कोपऱ्यात ठेवा. खेकडा आधी नांगी आत घालून शंखाचे माप घेतो, मग एका झटक्यात जुन्यातून नव्यात जातो. हे पाहायला मिळावे म्हणून मी अजूनही रात्री दिवे मालवल्यावर टाकीसमोर बसतो.