आपल्याला येते, हे कधी ठरवावे?

प्रिय पुतण्या,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सिएटलला तुझे बस्तान बसले, हाती चार पैसे शिल्लक राहू लागले आणि इथल्या पावसाळी हिवाळ्यातल्या संध्याकाळी सरता सरत नाहीत, तेव्हा माझ्यासारखेच ऑप्शन्सचे (म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्कांचे) व्यवहार, पोकर आणि घरी बिअर तयार करणे हे तिन्ही उद्योग तुलाही करून पाहायचे आहेत, असे तू लिहितोस आणि सुरुवात कशापासून करावी ते विचारतोस. (हे पत्र आईला दाखवायचे की नाही, ते तू ठरव, तिन्ही नावे एका कागदावर पाहून तिची झोप उडेल.) माझे मत असे की तिन्ही करावेस, पण आधी बिअर, मग पोकर आणि सर्वांत शेवटी ऑप्शन्स या क्रमाने. कोणत्या छंदात किती पैसे जातात यावरून मी हा क्रम लावलेला नाही. आपण हे काम नीट करतो आहोत की नाही, हे त्या छंदातून किती लवकर आणि किती खरेपणाने कळते, यावरून तो लावला आहे.

बिअर महिन्याभरात तोंडावर खरे सांगते. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, साधी पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, कर. मोड आणून वाळवलेले जव, ज्याला आपण माल्ट म्हणतो, ते भरडून ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे धान्यातली विकरे पिठाची साखर करतात. तापमान सत्तरीपुढे गेले तर न आंबणाऱ्या साखरा वाढून बिअर जड लागते आणि ६३-६४ वरच राहिले तर ती पातळ, कोरडी होते. गाळलेला गोड काढा तासभर उकळायचा, सुरुवातीला कडवटपणासाठी आणि अखेरच्या पाच मिनिटांत वासासाठी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू-सुगंधी फुले, घालायचे. हॉप्सच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण अमेरिकेतले बहुतेक हॉप्स आपल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात. पहिल्या खेपेस कॅस्केड हे १९७२ साली शेजारच्या ऑरेगनमधून बाहेर पडलेले वाण घे, ते फारसे दगा देत नाही.

काढा थंड झाला की त्यात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी काचेची दांडी, सोड. दांडी १.०५० वर तरंगली आणि यीस्टने दोन आठवड्यांत तोच आकडा १.०१२ वर आणला, तर सुमारे पाच टक्के मद्यार्क तयार झाला असे समज. आकडा लागोपाठ तीन दिवस जागचा हलला नाही तरच बाटल्या भरायला घे. १.०२० वर अडकलेली बिअर साखर घालून घाईने बाटलीत कोंडली आणि यीस्ट पुन्हा कामाला लागले, तर बाटल्या फुटतात, आणि तेवढ्यासाठीच पहिल्या काही खेपांच्या बाटल्या झाकण असलेल्या जाड पेटीत ठेवाव्यात. चुकीची खूणही इथे स्पष्ट असते. लोण्याचा वास आला तर आंबवण पुरी होण्याआधीच यीस्ट वेगळे केले गेले. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बाटल्या भरताना हवा लागली. नको असलेला आंबटपणा आला तर भांडी नीट निर्जंतुक झाली नव्हती. दोष चवीत, कारण प्रक्रियेत आणि दोहोंत अंतर दोन-तीन आठवड्यांचे. शिकणाऱ्याला याहून चांगली सोय मिळत नाही.

उपकरणांच्या नादी मात्र लागू नकोस. एक मोठे पातेले, झाकणाची बादली, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर एवढ्यावर उत्तम बिअर होते. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या घेऊन बसलेले काही लोक पाहिले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आठवते. कायद्याचेही एकदा सांगून टाकतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरी बिअर करण्यावरचा केंद्रीय अडसर दूर झाला. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, अधिक असतील तर २०० गॅलन, आणि विक्री अजिबात नाही. पुण्याला परतलास तर हा छंद इथेच ठेवून जा, कारण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात स्वयंपाकघरात बिअर आंबवण्याची मुभा नाही.

बिअर खरे सांगते म्हटले, तरी बारीक फरकांच्या बाबतीत आपली जीभ आपल्याला फसवतेच. यीस्ट बदलल्याने बिअर सुधारली असे वाटले, तर मित्रांना प्रत्येकी तीन पेले दे, त्यांतल्या दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायला सांग. निव्वळ अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगणारच. म्हणून आठ जणांपैकी पाच जणांनी ओळखले तरी तो योगायोग असू शकतो, सहा जणांनी ओळखले तर फरक खरा मानायला हरकत नाही. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावे, हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने सोडवला गेला तोही बिअरच्याच कारखान्यात. विल्यम सीली गॉसेट हा १८९९ साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झालेला रसायनतज्ज्ञ होता. जव आणि हॉप्स यांच्या चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच करता येत, आणि तेव्हाचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी होते. त्याने काढलेले उत्तर १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आले, आणि आज तू कामावर दोन आवृत्त्यांची तुलना करताना वापरतोस ती टी-चाचणी त्यातूनच निघाली. तुझ्या तिन्ही छंदांना मी गॉसेटचाच प्रश्न विचारतो: हाती आलेल्या एवढ्या निकालांवरून मला काय म्हणता येईल?

पोकरमध्ये हे उत्तर फार उशिरा मिळते. एकेका डावाचे गणित सोपे आहे आणि ते तू आठवड्याभरात शिकशील. समज, पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, साठ डॉलर आहेत, प्रतिस्पर्ध्याने तीस लावले आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पाच सामायिक पानांपैकी पहिली तीन उघडल्यावर, ती धरून तुझ्याकडे एकाच रंगाची, समज बदामाची, चार पाने आहेत; पाचवे आले की रंग जुळला. तीस भरून तू एकशे वीसच्या पॉटमध्ये उतरतोस, म्हणजे तुला चारात एक, २५ टक्के, संधी हवी. न दिसलेल्या ४७ पानांपैकी नऊ तुझ्या उपयोगाची, म्हणून पुढच्याच पानाला रंग जुळण्याची शक्यता १९ टक्के. तेवढ्यावर पैसे भरणे तोट्याचे. पण प्रतिस्पर्ध्याचे हे शेवटचे तीस असतील आणि उरलेली दोन्ही पाने फुकट पाहायला मिळणार असतील, तर शक्यता ३५ टक्क्यांवर जाते आणि भरणे योग्य ठरते. योग्य रीतीने भरूनही तू तीनांतल्या जवळजवळ दोन वेळा हरशील, आणि समोरचा हसेल.

आता हे डाव एकत्र धर. चांगला खेळाडू शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (बिग ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची पैज, कमाई मोजण्याचे एकक) कमावतो असे मानू. पण शंभर डावांतली चढउतार नव्वदेक बिग ब्लाइंडांची असते. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० आणि चढउतार ९००. म्हणजे खरोखर चांगला खेळणारा माणूस दहा हजार डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडी जास्तच आहे. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. दर आठवड्याला एक रात्र चार तास खेळलास, तर दहा हजार डावांना जवळपास दोन वर्षे लागतात. म्हणून सहा महिने जिंकणाऱ्या मित्राने नोकरी सोडण्याची भाषा केली, तर त्याला चहा पाज आणि विषय बदल. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला, हे खरे. त्या एका निकालाने लक्षावधी लोकांना टेबलापाशी आणले, हेही खरे.

तू मित्रांच्या घरी लहान रकमेचा खेळ खेळ. तिथे घरमालक रेक, म्हणजे पॉटमधला आपला हिस्सा, कापत नाही, म्हणून बरोबरीचा खेळाडू बरोबरीतच राहतो. परवानाधारक कार्डरूममध्ये तोच खेळाडू रेकमुळे हळूहळू झिजतो. आपल्या राज्यात इंटरनेटवर पैसे लावून खेळणे २००६ पासून गंभीर गुन्हा आहे, तेव्हा तो मार्ग नकोच. डावांची वही ठेव, आणि निकालाबरोबर पॉट, पैज आणि त्या क्षणी तू काय विचार केलास हेही लिही. निकाल नशिबाचा असतो, विचार तुझा असतो आणि तपासण्यासारखा तोच आहे.

ऑप्शन्सबद्दल तू सर्वांत उत्साहाने लिहिले आहेस, आणि माझी काळजीही तिथेच आहे. विकत घेणाऱ्याचा मार्ग निदान प्रामाणिक आहे. रोज थोडा प्रीमियम, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेली किंमत, विरतो, कंपनीच्या निकालाआधी चढा भाव देऊन कॉल, म्हणजे शेअर घेण्याचा हक्क, घेतला तर दुसऱ्या दिवशी शेअर वर जाऊनही कॉल उतरू शकतो, आणि तोटा दिसतो तेवढाच असतो. पण दोन-चार महिन्यांत प्रत्येक हुशार मुलाच्या लक्षात येते की घेणारे बहुधा हरतात, मग विकणारे जिंकत असणार; आणि तो पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर आपल्या गळ्यात घालण्याचा हक्क, दुसऱ्यांना विकू लागतो. तुझ्या पत्रातली ‘दर महिन्याचे उत्पन्न’ ही ओळ वाचून तू तिथे पोहोचला आहेस, असे दिसते.

कागद घे. शंभर डॉलरचा शेअर आहे, महिन्याभराच्या मुदतीचा ९० चा पुट तू एका डॉलरला विकलास. एका करारात १०० शेअर, म्हणून हाती १०० डॉलर आले. शेअर ९० च्या वर राहिला की ते तुझे. एखाद्या महिन्यात शेअर ७० वर आला, तर तो तुला ९० ला घ्यावा लागतो: वीस डॉलरचा फरक वजा एक डॉलरचा प्रीमियम, म्हणजे १,९०० डॉलर गेले. असा महिना वीसांत एकदा येत असेल तर एकोणीस महिन्यांची कमाई विसाव्यात जाऊन हाती शून्य उरते आणि कमिशन खिशातून जाते. तीसांत एकदा येत असेल, तर तीस महिन्यांत एक हजार डॉलर सुटतात. म्हणजे धंदा चालतो की बुडतो, हे सारे वीसांत एक आणि तीसांत एक या फरकावर ठरते. आता गॉसेटचा प्रश्न विचार. पाच वर्षे, साठ महिने, तू हे केलेस, तर पहिल्या स्थितीत असे तीन महिने अपेक्षित, दुसरीत दोन. तीन आणि दोन यांतला फरक साठ नमुन्यांत कोणाला ओळखता येणार? आणि साठही महिने सुखरूप गेले, तर ते कौशल्याचे प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवर लावण्याचा मोह तुला आवरणार नाही.

यावर तुझे उत्तर मला ठाऊक आहे: एकाच शेअरऐवजी दहा शेअरांचे पुट विकीन, नमुने दहापट होतील. शांत महिन्यांत ते दहा वेगवेगळे दिसतात, पण मार्च २०२० मध्ये सगळे एकदमच कोसळले; ज्या दिवसाची भीती आहे त्या दिवशी दहांचा एकच होतो. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी व्हिक्स, म्हणजे अमेरिकी बाजारातल्या अपेक्षित चढउताराचा निर्देशांक, एका दिवसात सतराच्या आसपासून सदतिसावर गेला, आणि चढउतार विकण्यावर, म्हणजे बाजार शांत राहील या पैजेवर, बेतलेले एक्सआयव्ही हे लोकप्रिय साधन, जे त्याआधी वर्षभर डोळे दिपवणारा परतावा देत होते, आपली नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत एका संध्याकाळीत गमावून बसले. तिकडे भारतात ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास पडला आणि दुसऱ्याच दिवशी तीन टक्क्यांहून अधिक चढला. त्याच वर्षी सेबीने जाहीर केले की तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्स खेळणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. तुझ्या पुण्याच्या मित्राने पाठवलेला नफ्याचा स्क्रीनशॉट पाहताना हा आकडा शेजारी ठेव.

रक्कम किती लावावी याचे एक सूत्र तू वाचले असशील. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केलीने ते १९५६ साली मांडले. बरोबरीच्या पैजेत जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर भांडवलाचा दहावा हिस्सा लाव, असे ते सांगते. सूत्र बिनचूक आहे, पण ती ५५ टक्के शक्यता तुला माहीत आहे असे ते गृहीत धरते. खरी शक्यता ५० असेल तर लावायची रक्कम शून्य, आणि ५५ व ५० यांतला फरक कळायला शेकडो पैजा लागतात. म्हणून जाणकार लोक केलीच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात. पुट विकताना तर मी सूत्र वापरतच नाही, शेअर शून्यावर गेला तर किती जातील एवढेच पाहतो आणि ती रक्कम सहन होणार नसेल तर करार करत नाही.

ब्रोकरच्या अर्जात ऑप्शन्सच्या परवानगीच्या पायऱ्या असतात. अनुभव किती वर्षांचा, या रकान्यात खरे ते लिही आणि पहिले वर्ष फक्त विकत घेण्याची किंवा विकलेल्या ऑप्शनमागे दुसरा ऑप्शन घेऊन तोट्याला मर्यादा घालण्याचीच परवानगी माग. उघडा पुट विकण्याची पायरी ब्रोकरने आपणहून देऊ केली तरी नको म्हणून कळव. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम वेगळ्या बँकेत असू दे. माल्ट आणि यीस्ट पुढच्या आठवड्यात आणून ठेव, हायड्रोमीटर मात्र दोन घे, कारण पहिला हमखास फुटतो.

कळावे,
तुझा काका